संग्रह बांधताना मार्गाची नोंद

१. कागद आणि त्याचे ठिकाण

तमिळनाडू राज्यातील कुंभकोणम् हे नगर कावेरी व अरसलार ह्या दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर वसलेले आहे. दर बारा वर्षांनी तेथे भरणारा महामहम् उत्सव सर्व भारतात प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाचा ह्या नगराशी असलेला संबंध मात्र निराळा आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजे भोसले ह्यांनी तंजावरास राज्य स्थापन केले. १८५५ मध्ये ब्रिटिशांनी खालसा करीपर्यंत ते टिकले. त्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात येऊन राहिली. तंजावरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या कुंभकोणम् येथे अशाच एका मराठी कुटुंबात १८२८ साली सर टी. माधवराव ह्यांचा जन्म झाला. नावाच्या आरंभीचा 'टी' हा तंजावरचा निदर्शक होय.

माधवरावांनी तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविले. १८५७ ते १८७२ पर्यंत ते त्रावणकोरचे दिवाण होते. १८७३ ते १८७५ ह्या काळात त्यांनी इंदूरचा कारभार पाहिला. १८७५ साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आले. त्यानंतर माधवराव बडोद्याचे दिवाण झाले आणि १८८२ पर्यंत त्या पदावर राहिले.

आता असे समजू की, कुंभकोणम् येथील एका वाचनालयाने माधवरावांच्या कारकिर्दीविषयीची काही पत्रे संगणकावर उतरवून घेतली आहेत. 'माधवराव' नावाचा एक मोठा फोल्डर आहे. त्याच्या पोटात 'त्रावणकोर', 'इंदूर' आणि 'बडोदे' असे तीन फोल्डर आहेत. प्रत्येकात ४० पत्रांची छायाचित्रे असून त्यांची नावे 'पत्र-०१' पासून 'पत्र-४०' पर्यंत आहेत. म्हणजे एकूण पत्रे १२०, परंतु नावे केवळ ४०. त्रावणकोरचे 'पत्र-०१' निराळे, इंदूरचे निराळे आणि बडोद्याचे निराळे. हा सर्व संग्रह एका गाठोड्यात बांधून पुण्याच्या एका अभ्यासकाकडे पाठवावयाचा आहे.

एखाद्या पत्रावर केवळ '१८७५' एवढेच साल असेल, तर ते इंदूरच्या कारभाराविषयी आहे की बडोद्याच्या, हे सालावरून ठरविता येणार नाही. कारण त्याच वर्षी माधवरावांनी एक पद सोडून दुसरे स्वीकारले. ते पत्र कोणत्या फोल्डरात ठेवलेले होते, हाच काय तो पुरावा. फाइलीचे ठिकाण ही केवळ सोय नसून माहितीचा एक भाग असतो. गाठोडे बांधताना तो भाग हरवला, तर कागद शाबूत राहूनही संग्रहाचा अर्थ नष्ट होतो.

हे तत्त्व जुन्या दप्तरखान्यांत सर्वांना ठाऊक होते. मोडी कागद कापडी रुमालात बांधून ठेवण्याची पद्धत मराठी दप्तरांत रूढ होती. रुमाल सोडून कागद पुन्हा बांधताना एका रुमालातला कागद दुसऱ्यात गेला, तर तो शोधणे कठीण होते. संगणकातील गाठोड्याचेही तसेच आहे. फरक इतकाच की, येथे रुमालाची चिठ्ठी माणसाने लिहावयाची नसून, त्याने दिलेल्या आज्ञेवरून संगणक ती आपोआप लिहितो. ती कशी लिहिली जाते, हे समजावून घेणे हा ह्या पाठाचा विषय होय.

२. गाठोड्याच्या आत काय असते

अनेक फाइली एकत्र बांधून केलेल्या एका फाइलीला संग्रह-फाइल म्हणता येईल. ती तयार करताना दोन कामे घडतात. पहिले, अनेक फाइली एकापुढे एक रचणे. दुसरे, त्यांतील पुनरुक्ती काढून त्यांचा आकार लहान करणे. ह्या दुसऱ्या क्रियेस संक्षेपण म्हणतात.

युनिक्स ह्या संगणक-प्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत 'टार' नावाचा कार्यक्रम आला. चुंबकीय फितीवर संग्रह करण्यासाठी तो योजलेला होता, आणि त्याच्या नावातही फीत व संग्रह हे दोन्ही शब्द संक्षेपाने आले आहेत. टार फक्त पहिले काम करतो. दुसरे काम तो बहुधा 'जीझिप' ह्यासारख्या निराळ्या कार्यक्रमाकडे सोपवितो. फिल कॅट्झ ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या 'झिप' ह्या पद्धतीत दोन्ही कामे एकत्रच होतात. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे संक्षेपित केली जाते आणि गाठोड्याच्या शेवटी सर्व फाइलींची एक सूची जोडली जाते.

दोन्ही पद्धतींना समान अशी एक गोष्ट आहे. संग्रह-फाइलीच्या आत फोल्डरांत फोल्डर अशी खरीखुरी रचना नसते. तेथे केवळ एक सरळ यादी असते. यादीतील प्रत्येक नोंदीत फाइलीचे नाव असते, आणि त्या नावातच तिरप्या रेघा देऊन फोल्डरांची नावे गुंफलेली असतात. उदाहरणार्थ, एक नोंद अशी असेल:

माधवराव/इंदूर/पत्र-०१

गाठोडे उघडणारा संगणक ही नोंद वाचतो, 'माधवराव' नावाचा फोल्डर नसल्यास निर्माण करतो, त्यात 'इंदूर' निर्माण करतो आणि मग पत्र तेथे ठेवतो. नोंदीत जेवढा मार्ग लिहिला असेल तेवढाच पलीकडच्या माणसास मिळतो. त्याहून एक फोल्डरही अधिक नाही आणि उणाही नाही. म्हणून नोंदीत मार्गाचा कोणता भाग यावा, हे गाठोडे बांधतानाच ठरविले पाहिजे.

३. मार्ग कोठून मोजला जातो

कुंभकोणम् स्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला महामहम् तलावाचा रस्ता सांगताना देश, राज्य आणि जिल्हा सांगावा लागत नाही. तोच पत्ता पुण्याहून पत्राने विचारला, तर मात्र तो पूर्ण लिहावा लागतो. पहिला पत्ता ऐकणारा जेथे उभा आहे तेथून मोजलेला असतो. दुसरा कोठूनही वाचला तरी एकच राहतो.

संगणकातही मार्गाचे असेच दोन प्रकार आहेत. साठ्याच्या मुळापासून मोजलेला तो पूर्ण मार्ग. वाचनालयाच्या संगणकावर एका पत्राचा पूर्ण मार्ग पुढीलप्रमाणे आहे असे समजू:

/होम/वाचनालय/कागद/माधवराव/इंदूर/पत्र-०१

आरंभीची तिरपी रेघ हे मुळाचे चिन्ह होय. दुसरा प्रकार सापेक्ष मार्गाचा. टर्मिनलमध्ये टंकून आज्ञा देणारा माणूस प्रत्येक क्षणी कोणत्या तरी एका फोल्डरात 'उभा' असतो. त्यास चालू फोल्डर म्हणतात. तेथून पुढे मोजलेला मार्ग तो सापेक्ष मार्ग. 'कागद' ह्या फोल्डरात उभे राहिल्यास वरील पत्राचा सापेक्ष मार्ग 'माधवराव/इंदूर/पत्र-०१' एवढाच होतो. 'इंदूर' मध्ये उभे राहिल्यास नुसते 'पत्र-०१' उरते. एक टिंब म्हणजे चालू फोल्डर, आणि लागोपाठ दोन टिंबे म्हणजे त्याच्या वरचा फोल्डर, असा संकेत आहे. एका फोल्डरातून दुसऱ्यात जाण्यासाठी 'सीडी' ही आज्ञा वापरतात.

ह्यावरून मुख्य नियम हाती येतो. टार आणि झिप हे दोन्ही कार्यक्रम सामान्यतः आज्ञेत जसा मार्ग लिहिला असेल तसाच नोंदीत उतरवून घेतात. आपण कोठे उभे आहोत आणि तेथून फाइलीचे नाव कसे घेतो, ह्या दोन गोष्टींनी गाठोड्यातील मार्ग निश्चित होतो.

४. गाठोड्याच्या तीन तऱ्हा

एकाच संग्रहाची तीन तऱ्हेची गाठोडी कशी होतात ते पाहू.

पहिली तऱ्हा अतिदीर्घ मार्गाची. वाचनालयातील कार्यकर्ता दुसऱ्याच फोल्डरात उभा राहून पूर्ण मार्ग देतो. आरंभीची तिरपी रेघ टार आणि झिप दोघेही काढून टाकतात. टार तसे पडद्यावर कळवितोही. बाकी सर्व मार्ग मात्र तसाच राहतो. पुण्याच्या अभ्यासकाने गाठोडे उघडले की, त्यास प्रथम 'होम', त्यात 'वाचनालय', त्यात 'कागद' आणि त्यानंतर 'माधवराव' दिसतो. पहिल्या तीन फोल्डरांचा त्याला काही उपयोग नाही. शिवाय पाठविणाऱ्याच्या संगणकातील खात्याचे नाव आणि त्याची अंतर्गत मांडणी विनाकारण परक्याच्या हाती जाते. घरच्या संगणकावर खात्याचे नाव पुष्कळदा व्यक्तीचेच नाव असते. तेव्हा हा मुद्दा क्षुल्लक नव्हे.

दुसरी तऱ्हा अतिऱ्हस्व मार्गाची. येथे फोल्डरांची सर्व नावे गळून केवळ 'पत्र-०१', 'पत्र-०२' अशी नावे उरतात. ही तऱ्हा सर्वांत धोक्याची. तीन फोल्डरांतील समान नावांची पत्रे एकमेकांच्या जागी येतात, आणि १२० पत्रांपैकी शेवटी ४० च हाती लागण्याचा संभव उत्पन्न होतो. जी उरतात तीही कोणत्या संस्थानाची, हे कळण्यास मार्ग राहत नाही.

तिसरी तऱ्हा योग्य मार्गाची. नोंद 'माधवराव' पासून सुरू होते आणि पत्राच्या नावापर्यंत जाते. गाठोडे उघडताच एकच फोल्डर बाहेर येतो. त्यात तिन्ही संस्थाने आपापल्या जागी असतात. संग्रहाचा अर्थ ज्या फोल्डरापासून सुरू होतो, तेथूनच मार्ग सुरू झाला पाहिजे. त्याच्या वरचे काही नको आणि त्याच्या खालचे काही गळावयास नको.

५. टार आणि 'मोठा सी'

पुढील आज्ञा संगणकावर रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्या अक्षरांची नावे देवनागरीत दिली आहेत. अक्षर लहान की मोठे, ह्याकडे लक्ष ठेवणे आवश्यक आहे. कारण टारमध्ये लहान 'सी' आणि मोठा 'सी' ह्यांचे अर्थ सर्वस्वी भिन्न आहेत.

नवा संग्रह करण्यासाठी 'टार' ह्या नावापुढे उणे चिन्ह देऊन लहान 'सी', 'झेड' आणि 'एफ' ही अक्षरे लिहितात. लहान 'सी' म्हणजे नवा संग्रह निर्माण कर. 'झेड' म्हणजे जीझिपने संक्षेप कर. 'एफ' म्हणजे पुढे येणारे नाव हे संग्रह-फाइलीचे नाव आहे. त्यानंतर गाठोड्याचे नाव आणि शेवटी ज्या फोल्डराचे गाठोडे करावयाचे त्याचे नाव. कार्यकर्ता 'कागद' मध्ये उभा असेल आणि त्याने शेवटी 'माधवराव' एवढेच लिहिले असेल, तर तिसऱ्या तऱ्हेचे योग्य गाठोडे तयार होते.

परंतु पुष्कळदा चालू फोल्डर बदलणे सोयीचे नसते. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीत तर कोण कोठे उभे आहे, ह्यावर विसंबणे योग्यही नाही. ह्यासाठी टारमध्ये मोठ्या 'सी' ची योजना आहे. उणे चिन्ह, मोठा 'सी' आणि त्यापुढे एका फोल्डराचा मार्ग लिहिला की, टार प्रथम त्या फोल्डरात जातो आणि त्यापुढील नावे तेथून मोजतो. म्हणजे गाठोड्याच्या नावानंतर मोठा 'सी' लिहून '/होम/वाचनालय/कागद' हा मार्ग द्यावा आणि एक जागा सोडून 'माधवराव' लिहावे. आज्ञा कोठूनही दिली तरी नोंदी 'माधवराव' पासूनच सुरू होतात. शोधावयाचा मार्ग आणि नोंदवावयाचा मार्ग ह्यांची येथे स्पष्ट फारकत होते: मोठ्या 'सी' पुढे लिहिलेला भाग केवळ शोधण्यासाठी असतो, त्यानंतरचा भाग नोंदीसाठी.

ह्या योजनेचे तीन नियम ध्यानात ठेवावेत.

पहिला, मोठ्या 'सी' चा परिणाम त्याच्या पुढे लिहिलेल्या नावांवर होतो; आधी लिहिलेल्या नावांवर नाही. म्हणून त्याची जागा महत्त्वाची आहे. गाठोडे स्वतः कोठे तयार व्हावे, ते मात्र मूळच्या चालू फोल्डरावरूनच ठरते.

दुसरा, एकाच आज्ञेत मोठा 'सी' अनेकदा देता येतो; परंतु दुसऱ्या वेळचा सापेक्ष मार्ग पहिल्या वेळी जेथे गेलो तेथून मोजला जातो. 'त्रावणकोर' मध्ये गेल्यावर 'इंदूर' कडे जावयाचे असल्यास प्रथम दोन टिंबांनी वर यावे लागते. पूर्ण मार्ग दिल्यास हा हिशेब करावा लागत नाही.

तिसरा, मोठ्या 'सी' ने थेट 'माधवराव' मध्ये शिरून शेवटी नुसते टिंब दिले, तर नोंदींतून 'माधवराव' हे नाव गळते. उघडताना सर्व फाइली अभ्यासकाच्या चालू फोल्डरात, तेथील इतर कागदांत, विखुरतात. असे गाठोडे कटकटीचे ठरते, कारण कोणती फाइल गाठोड्यातून आली आणि कोणती आधीपासून होती, हे निवडीत बसावे लागते.

'त्रावणकोर', 'इंदूर' आणि 'बडोदे' ह्या तिहींत क्रमाने मोठ्या 'सी' ने शिरून प्रत्येक वेळी टिंब दिले, तर काय होते तेही पाहण्याजोगे आहे. टार समान नावांना हरकत घेत नाही. गाठोड्याच्या यादीत पत्रांच्या १२० नोंदी दिसतात आणि सर्व काही ठीक आहे असे वाटते. उघडताना मात्र नंतरची नोंद आधीच्या फाइलीची जागा घेते, आणि हाती केवळ बडोद्याची ४० पत्रे राहतात.

६. झिपची रीत

झिपमध्ये फोल्डरातील सर्व पोटफोल्डरांसह गाठोडे करण्यासाठी उणे चिन्हापुढे लहान 'आर' लिहितात. त्यानंतर गाठोड्याचे नाव आणि फोल्डराचे नाव. लिनक्स व तत्सम प्रणालींवर सर्वत्र आढळणाऱ्या झिप कार्यक्रमात टारच्या मोठ्या 'सी' सारखी सोय नाही. तेव्हा प्रथम 'सीडी' ने 'कागद' मध्ये जावे आणि मग झिपची आज्ञा द्यावी. दोन्ही आज्ञा एका गोल कंसात, मध्ये दोन 'अँड' चिन्हे देऊन लिहिल्यास आणखी चांगले. कंसातील आज्ञा एका वेगळ्या पोटसत्रात चालतात. त्यामुळे काम संपल्यावर कार्यकर्ता जेथे होता तेथेच राहतो. दोन 'अँड' चिन्हांचा अर्थ असा की, पहिली आज्ञा सफल झाली तरच दुसरी करावी. फोल्डर सापडला नाही, तर भलत्याच ठिकाणचे गाठोडे बांधले जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

झिपमध्ये लहान 'जे' ही एक खूण आहे. तिच्या योगे मार्ग सर्वस्वी टाकून देऊन केवळ फाइलींची नावे नोंदली जातात. एका फोल्डरातील चार फाइली कोणास पाठवावयाच्या असतील, तर ती उपयुक्त आहे. परंतु वरील संग्रहावर ती चालविली असता काय घडेल? तिन्ही फोल्डर एकाच आज्ञेत दिले, तर झिप समान नावे आढळल्याचे सांगून थांबतो आणि गाठोडे तयार करीत नाही. ही अडवणूक हितकारक होय. मात्र कार्यकर्त्याने तीन वेळा निरनिराळ्या आज्ञा देऊन एकाच गाठोड्यात भर घातली, तर ही चौकी उरत नाही. आधीच असलेल्या नावाची फाइल पुन्हा आली, की झिप जुनी नोंद बदलून नवी ठेवतो. पडद्यावर 'भर घातली' ह्या अर्थाच्या शब्दाऐवजी 'अद्ययावत केली' ह्या अर्थाचा शब्द उमटतो. पण तेवढ्याकडे कोणाचे लक्ष जाणार? त्रावणकोरची पत्रे इंदूरच्या पत्रांनी आणि इंदूरची बडोद्याच्या पत्रांनी झाकली जातात. ८० पत्रे गाठोड्यातून गेलेली असतात, आणि आज्ञा मात्र प्रत्येक वेळी यशस्वी झालेली असते.

७. विंडोज प्रणालीवर

शाळांतून पुष्कळ ठिकाणी विंडोज प्रणाली वापरात आहे. २०१८ पासून विंडोज १० मध्ये टार हा कार्यक्रम अंतर्भूत आहे, आणि त्यात मोठ्या 'सी' चा उपयोग वर सांगितल्याप्रमाणेच होतो.

पॉवरशेल ह्या आज्ञा-पद्धतीत 'कॉम्प्रेस-आर्काइव्ह' ही आज्ञा झिप गाठोडे करते. तिला 'माधवराव' हा फोल्डर दिला, तर नोंदी 'माधवराव' पासून सुरू होतात. फोल्डराच्या नावापुढे तिरपी रेघ व तारका दिली, तर फोल्डराचे नाव गळून त्याच्या आतील वस्तूंपासून नोंदी सुरू होतात. सेव्हन-झिप ह्या कार्यक्रमातही फोल्डराचे नाव साधे दिले तर ते नोंदीत राहते. आरंभी टिंब व रेघ आणि शेवटी रेघ व तारका देऊन लिहिले तर ते गळते. साधने निराळी असली तरी विचार एकच आहे. फोल्डर द्यावयाचा की फोल्डरातील वस्तू द्यावयाच्या, ह्या भेदावर गाठोड्याचे रूप अवलंबून असते.

विंडोजमध्ये मार्गातील रेघ उलट्या दिशेने तिरपी असते, आणि मार्गाच्या आरंभी साठ्याचे अक्षर असते. झिपच्या अधिकृत नियमांनुसार ह्यांपैकी काहीच नोंदीत येता कामा नये: साठ्याचे अक्षर नको, आरंभीची रेघ नको, आणि सर्व रेघा उजवीकडे झुकलेल्याच हव्यात. त्यामुळेच एका प्रणालीवर बांधलेले गाठोडे दुसऱ्या प्रणालीवर उघडता येते.

८. देवनागरी नावे आणि मार्गाची लांबी

मराठी माणसाने फाइलींना मराठी नावे द्यावीत हे स्वाभाविक आहे. संगणकात हल्ली रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीत रोमन अक्षरास १ बाइट जागा लागते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे होत. 'कुंभकोणम्' ह्या शब्दात अशी ९ चिन्हे असून त्यांस २७ बाइट लागतात.

टारच्या मूळ रचनेत नावासाठी केवळ १०० बाइटांची जागा होती. फाइलीचा प्रकार दाखविणारे शेवटचे अक्षरसमूह सोडून दिले, आणि सर्व नावे देवनागरीत आहेत असे मानले, तर 'माधवराव/त्रावणकोर/पत्र-०१' ह्या नोंदीस ६९ बाइट लागतात. तिच्याआधी 'होम/वाचनालय/कागद/' हा निरुपयोगी भाग जोडला, तर ४५ बाइटांची भर पडून बेरीज ११४ होते. म्हणजे जुनी मर्यादा ओलांडली जाते. १९८८ च्या प्रमाणित रचनेत मार्गासाठी आणखी १५५ बाइटांचा रकाना जोडण्यात आला, आणि आजच्या टारमध्ये त्याहून दीर्घ नावेही राहू शकतात. तरीही नेमका मार्ग ठेवण्याची सवय जुन्या साधनांशी व्यवहार करताना उपयोगी पडते.

झिपमध्ये लांबीची अडचण सहसा येत नाही. तेथे नावास ६५,५३५ बाइटांपर्यंत जागा आहे. नाव यूटीएफ-८ मध्ये लिहिले आहे, हे सांगणारी खूण मात्र झिपच्या नियमांत २००६ साली आली. ती खूण नसलेले जुने गाठोडे उघडताना मराठी नावांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसू शकतात.

९. पाठविण्यापूर्वी आणि उघडण्यापूर्वी

गाठोडे न उघडताही त्यातील यादी पाहता येते. टारमध्ये उणे चिन्हापुढे लहान 'टी' व 'एफ' आणि गाठोड्याचे नाव लिहावे. झिप गाठोड्यासाठी 'अनझिप' ही आज्ञा उणे चिन्ह व लहान 'एल' सह द्यावी. यादीत तीन गोष्टी पाहाव्यात: पहिली नोंद कोणत्या नावाने सुरू होते, नोंदींची संख्या अपेक्षेइतकी आहे की नाही, आणि एकच नोंद दोनदा आली आहे काय. केवळ संख्या पाहणे पुरेसे नाही, हे टारच्या उदाहरणावरून स्पष्ट झाले आहे.

अनावश्यक मार्ग असलेले गाठोडे हाती आले, तरी उपाय आहे. टारमध्ये नोंदीच्या आरंभीचे ठराविक संख्येचे घटक गाळून उघडण्याची सोय आहे. 'स्ट्रिप-कंपोनंट्स' ह्या खुणेला ३ हा अंक दिला, तर 'होम', 'वाचनालय' आणि 'कागद' हे तीन घटक गळून 'माधवराव' पासून फाइली बाहेर येतात. नको असलेला मार्ग असा नंतरही काढता येतो. परंतु बांधतानाच गाळलेला मार्ग नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही, कारण तो गाठोड्यात नसतोच.

अनोळखी गाठोडे एका नव्या रिकाम्या फोल्डरात उघडावे. नोंदींत दोन टिंबे मुद्दाम घालून, उघडणाऱ्याच्या फोल्डराबाहेर फाइली लिहिण्याचा दुष्ट प्रयोगही केला जातो. २०१८ साली स्नायक ह्या सुरक्षा-संस्थेने अनेक कार्यक्रमांतील ही उणीव 'झिप स्लिप' ह्या नावाने जगापुढे मांडली. आजचे टार आणि अनझिप अशा नोंदींबाबत सावध असतात. तथापि यादी आधी पाहण्याची सवय सोडू नये.

१०. सारांश

संग्रह-फाइलीत फोल्डर नसतात. मार्गासह लिहिलेली नावे असतात. तो मार्ग आज्ञा देणाऱ्याच्या जागेवरून आणि त्याने लिहिलेल्या नावावरून ठरतो. शोधण्याचा मार्ग आणि नोंदण्याचा मार्ग टारमध्ये मोठ्या 'सी' ने, आणि झिपमध्ये 'सीडी' ने वेगळे करता येतात. संग्रहाचा अर्थ जेथून सुरू होतो तेथून मार्ग ठेवावा. संशय असल्यास मार्ग थोडा अधिक राहिला तरी चालेल, कमी राहता कामा नये. मात्र अधिक राहिलेल्या भागात खासगी नावे नाहीत, हे पाहून घ्यावे.

स्वतः करून पाहण्याचे प्रयोग

१. 'माधवराव' फोल्डरासारखी रचना करा. तिन्ही पोटफोल्डरांत एकाच नावाची एकेक लहान मजकूर-फाइल ठेवून प्रत्येकीत संस्थानाचे नाव लिहा. पूर्ण मार्ग देऊन, मोठा 'सी' देऊन, आणि टिंब देऊन अशी तीन टार गाठोडी करा. तिन्हींच्या याद्या शेजारी ठेवून फरक लिहून काढा.

२. झिपमध्ये लहान 'जे' वापरून प्रथम तिन्ही फाइली एकाच आज्ञेत द्या. नंतर नव्या गाठोड्यात त्या तीन आज्ञांनी एकामागून एक घाला. दोन्ही वेळा पडद्यावर काय उमटते? दुसरे गाठोडे उघडल्यावर कोणत्या संस्थानाचे नाव वाचावयास मिळते?

३. आपल्या गावाचे नाव देवनागरीत लिहून त्यातील चिन्हे मोजा आणि त्यास किती बाइट लागतील ते काढा.

४. शाळेच्या वाचनालयातील पुस्तकांच्या छायाचित्रांचा संग्रह करावयाचा आहे असे समजून फोल्डरांची रचना कागदावर आखा. त्यातील कोणत्या फोल्डराचे नाव गळले असता पुस्तकाची ओळख नाहीशी होईल, त्यावर खूण करा.